काश्मीर ग्रेट लेक्स जमेल का? आधी नीचनाईची रात्र समजून घ्या

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, राहणार ठाणे. महिन्याला एखादा किल्ला होतोच. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा झाले आहेत. थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन काश्मीर ग्रेट लेक्स हा उंचावरच्या तळ्यांचा ट्रेक करायचा आहे. जमेल का, कधी जावं, तयारी काय करावी आणि डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यावी का?

जमेल. राजगड-तोरणा ज्यांनी एका दमात केला आहे त्यांना या ट्रेकमधल्या एकाही दिवसाच्या चढाची धास्ती घ्यायचं कारण नाही. निसरडी कातळवाट, दृष्टिभय, दोराची गरज असलं काही तिथे नाही. तरीही दरवर्षी सह्याद्रीत धावत गड चढणारी माणसं या वाटेवर आजारी पडतात आणि त्यांच्या मागून हळूहळू येणाऱ्या काकू आरामात शेवटच्या मुक्कामी, नारानागला उतरतात. याचं कारण पायांत नाही, पहिल्या दोन-तीन रात्रींच्या मुक्कामांत आहे.

वाट अशी जाते. सोनमर्गजवळच्या शितकडीहून, म्हणजे साधारण २,८०० मीटरवरून, चालायला सुरुवात होते. मागे थाजिवास हिमनदी दिसत राहते. आधी गवताळ चढ, मग मॅपल आणि भूर्जाची झाडी, आणि संध्याकाळी नीचनाईचा तळ, सुमारे ३,५०० मीटर. दुसऱ्या दिवशी नीचनाई पास, म्हणजे खिंड, ४,१०० मीटरच्या आसपास, आणि पलीकडे विशनसर तळ्यापाशी मुक्काम. तिथे एक दिवस विश्रांती. त्या दिवशी रिकाम्या पाठीने किशनसर पाहून यायचं. मग ट्रेकमधला सर्वांत उंच गडसर पास, साधारण ४,२०० मीटर, आणि उतरून गडसर. पुढे सातसर, तिथून जाझ पास ओलांडून गंगाबल आणि नंदकोल ही जोडतळी, आणि शेवटी नारानाग. सगळं मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, विश्रांतीचा दिवस धरून सहा-सात दिवस. आयोजकागणिक मुक्काम थोडे पुढेमागे होतात.

आता याच वाटेकडे चालण्याच्या नाही, झोपण्याच्या उंचीच्या हिशेबाने पाहा. विशनसर ३,७००, गडसर आणि सातसर ३,६००च्या आसपास, नंदकोल ३,५००. म्हणजे पहिल्या मुक्कामानंतर तुम्ही जवळजवळ एकाच पातळीवर झोपता. मधले पास दिवसा चढून त्याच दिवशी उतरायचे असतात, त्याचा शरीराला फारसा त्रास होत नाही. उडी आहे ती एकच: २,८०० वरून थेट ३,५००. उंचीवरच्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. इथे ती ७०० ने वाढते. त्यात तुम्ही आदल्या दिवशी मुंबईहून विमानाने आलेल्या असाल तर समुद्रसपाटीवरचं शरीर दोन दिवसांत ३,५०० मीटरवर जाऊन झोपतं. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो, नीचनाईला ६५ टक्क्यांच्या जवळ आणि गडसर पासवर ६० टक्के. कळसूबाई कितीही वेळा केलं असलं तरी या फरकाची सवय त्यातून लागत नाही.

म्हणून तयारीतला माझा पहिला सल्ला व्यायामाचा नाही, सुट्टीचा आहे. एक दिवस जास्त काढा. श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर) एक रात्र, सोनमर्ग किंवा शितकडीला दोन रात्री, मग चालायला सुरुवात. त्या जास्तीच्या दिवशी थाजिवासच्या बाजूला दोन-तीन तास चढून परत खाली झोपायला या. बहुतेक पॅकेजमध्ये हा दिवस नसतो, कारण त्याने खर्च वाढतो आणि चाकरमान्याची रजा संपते. तो तुम्ही स्वतःच्या खर्चाने घाला. महागातलं जॅकेट घेण्याऐवजी हे पैसे इथे घालवा.

विरळ हवेचा त्रास पोचल्या पोचल्या होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी डोकं धरतं, मळमळतं, जेवण नकोसं होतं, झोप मोडते. दुपारी नीचनाईला पोचून उड्या मारणारा माणूस रात्री दोनला तंबूत उठून बसतो, तो असा. त्यामुळे खरा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा असतो, आणि या ट्रेकवर ती सकाळ फार मोलाची आहे. नीचनाईहून मागे फिरलात तर काही तासांत शितकडी आणि गाडीरस्ता. नीचनाई पास ओलांडलात की प्रकरण बदलतं. विशनसरहून परतायचं तर पुन्हा तोच ४,१०० मीटरचा पास, पुढे जायचं तर ४,२०० चा. पाणी ज्या बाजूला वाहतं ती बाजू गुरेझ-तुलैलकडे जाते, नियंत्रण रेषेच्या दिशेने. तिकडे सहज उतरून जाता येत नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं, आणि विशनसरला पोचल्यावर नेमका तोच महाग होतो.

तेव्हा नीचनाईच्या सकाळी स्वतःला आणि मुलाला सरळ प्रश्न विचारा. डोकं दुखतंय का? पॅरासिटामॉल आणि पाण्याने थांबलं का? नाश्ता गेला का? किंचित डोकं जड आहे, पण भूक आहे आणि गोळीने बरं वाटलं, तर जायला हरकत नाही, फक्त लीडरला सांगून. डोकं ठणकतंय आणि उलटीही झाली, तर त्या दिवशी पास नाही. तिथेच थांबायचं किंवा उतरायचं. आपल्याकडे लोक डोकेदुखी लपवतात. लीडर परत पाठवेल, ग्रुपला थांबावं लागेल, पैसे वाया जातील, म्हणून. तंबूतल्या जोडीदाराला मात्र सगळं माहीत असतं. तुमच्या बाबतीत जोडीदार मुलगाच असेल, तर ‘लपवायचं नाही’ हा करार घरूनच करून निघा.

सतरा वर्षांच्या मुलाबद्दल थोडी जास्त काळजी घ्या. तरुण वय किंवा दणकट शरीर या त्रासापासून वाचवत नाही. उलट ही मुलं पुढे पळतात, तळावर पोचून क्रिकेट खेळतात, पाणी प्यायला विसरतात. त्याला मागच्या माणसासोबत चालायची जबाबदारी द्या. चालताना अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे, तीच योग्य चाल.

दोन लक्षणं कुठल्याही मुक्कामावर, कुठल्याही वेळी दिसली तर चर्चा न करता उतरायचं. बसल्याजागी धाप लागणं, सोबत खोकला, ही फुफ्फुसात पाणी साठण्याची खूण. आणि बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, ही मेंदूला सूज आल्याची. संशय आला तर टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जो चालू शकत नाही त्याला ‘सकाळी बघू’ म्हणून झोपवायचं नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बरोबर ठेवा, पण त्याच्या आकड्याला देव मानू नका. या उंचीवर ८५च्या आसपासचा आकडा धडधाकट माणसाचाही येतो, आणि बोटं गार असली तर यंत्र काहीही दाखवतं. माणसाकडे आधी बघा.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड. वर सांगितलेली ७०० मीटरची उडी टाळता येत नसेल तर प्रतिबंधासाठी ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रौढांसाठी नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल, मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. मुलासाठीही डॉक्टरांना विचारूनच. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं (रात्री दोन वाजता तंबूची चेन उघडताना तुम्हाला मी आठवेन), सोडा बेचव लागतो. घरी एखाद्या शनिवारी घेऊन बघा म्हणजे वर गेल्यावर घाबरायला होणार नाही. मात्र गोळी घेतली म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करायची परवानगी मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि श्रीनगरच्या हॉटेलातली ‘फक्त एक’ बिअर, दोन्ही नको.

थायरॉइड औषधाने आटोक्यात असेल तर अडचण येत नाही. निघण्याआधी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना उंची किती ते आकड्यात सांगा, आणि गोळ्या पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये ठेवा. घोड्यावर टाकलेली मोठी बॅग संध्याकाळपर्यंत भेटत नाही, आणि गोळी तर सकाळी उपाशीपोटी लागते.

आता पायांकडे. जायच्या आधी तीन महिने आठवड्यातून चार दिवस पाऊण-एक तास जलद चालणं किंवा धावणं, दोन दिवस पायांची ताकद. पण या ट्रेकची खरी तालीम म्हणजे शनिवारी एक गड आणि रविवारी दुसरा. आपण एका दिवसात जीव काढून ट्रेक करतो आणि सोमवारी ऑफिसात लंगडतो. तिथे सोमवारी गडसर पास असतो. ठाण्याहून माहुली आणि दुसऱ्या दिवशी येऊरच्या बाजूला लांब चाल, असं जमवा. पाठीवर सहा-सात किलो वजन घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय कसे आहेत, ते खरं प्रगतिपुस्तक.

उतरण्याचा सराव तर कुणीच करत नाही. नंदकोलहून नारानाग हा एका दिवसात १,३०० मीटरच्या वरचा उतार आहे. आतकरवाडीच्या बाजूने सिंहगड साधारण ६०० मीटर चढावा लागतो. तेवढा दोनदा उतरा आणि वर थोडा आणखी. आणि हे ट्रेकच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा गुडघे आधीच कुरकुरत असतात. पाऊस पडून गेला असेल तर पाइनच्या जंगलातली माती साबणासारखी होते. म्हणून जिन्यावरून सावकाश उतरण्याचा व्यायाम, मांडीचे पुढचे स्नायू, आणि दोन काठ्या. एक नाही, दोन. सह्याद्रीत काठी नको म्हणणारे नारानागला झाडाची फांदी शोधताना दिसतात.

कधी जावं? हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे मुसळधार कोसळत असताना तिकडे तेवढा पाऊस नसतो, कारण पीर पंजालची रांग मान्सूनचा बराच जोर अडवते. पण ‘काश्मीरमध्ये पावसाळा नसतो’ असं जे ठोकून सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. मान्सूनचा जोर आणि पश्चिमेकडून येणारा विक्षोभ एकाच वेळी आले की काय होतं ते सप्टेंबर २०१४ च्या पुराने दाखवलं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पासवर बर्फ असू शकतो, तळ्यांत तरंगते तुकडे दिसतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलं. गडसरकडे उतरताना निळी पॉपी दगडांच्या आडोशाला बघा. काटेरी देठ आणि वर पाकळ्या इतक्या नाजूक की वाऱ्याने फाटतील असं वाटतं. सप्टेंबरमध्ये गवत पिवळं पडतं, आकाश स्वच्छ, रात्री पाणी गोठतं. मला विचाराल तर फुलांसाठी जुलैचा शेवट, डोंगर पाहण्यासाठी सप्टेंबरचा पहिला आठवडा. तुमच्या घरी गणपती असेल तर तारखा पाहून घ्या. आणि श्रावणातले सोमवार, एकादशी तिथे पाळू नका. उंचीवर भूक आधीच मरते, त्यात उपास म्हणजे दुपारी पासवर हातपाय गळणार. राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर खिशात ठेवा आणि भूक नसतानाही तासातासाला तोंडात टाका.

जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेचा बालटालचा रस्ता सोनमर्गवरूनच जातो. वाहनांचे ताफे, अडवलेला रस्ता, तपासण्या हे गृहीत धरा. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्ग बोगदा सुरू झाल्याने श्रीनगर-सोनमर्ग हा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास सोपा झाला आहे, तरी निघायचं ते पहाटेच.

कपड्यांबाबत सह्याद्रीची सवय घातक ठरते, म्हणून जरा खोलात सांगतो. आपण पावसात भिजतो, वारा खातो, खाली येऊन भजी खातो. तिथे पासवर तापमान पाच अंशांच्या खाली असताना भिजून वाऱ्यात उभं राहिलात तर अर्ध्या तासात दात वाजायला लागतात आणि बोटांनी चेन लागत नाही. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा. अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर फ्लीस, मुक्कामावर पिसांचं जॅकेट, आणि सर्वांवर पावसाचं जॅकेट व पँट दोन्ही. पोंचो वाऱ्यात डोक्यावर उडतो आणि पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही. झोपण्यासाठीचा एक कोरडा जोड, मोजांसकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही. बूट घोट्याच्या वर येणारे, निदान दीड महिना वापरलेले. ओढे पार करायला पट्ट्याच्या सँडल. दुपारी बर्फ वितळून ओढ्यांना पाणी वाढतं, तेव्हा सकाळी लवकर निघण्यावर लीडर अडून बसला तर कुरकुर करू नका.

मोठी बॅग घोड्यावर द्यायला लाजू नका. पण घोडे वाटेत भेटले की नेहमी डोंगराच्या अंगाला उभ्या राहा, दरीच्या नाही. किशनसरच्या वर गडसर पासची वाट अरुंद आहे, आणि घोड्यावरच्या सामानाचा धक्का लागून माणूस खाली जाऊ शकतो. कुरणांत बकरवालांचे, म्हणजे भटक्या मेंढपाळांचे, कळप असतात. त्यांचे कुत्रे राखणीचे आहेत, लाडाचे नाहीत. कळपाला लांबून वळसा घाला. त्यांच्या ढोकात (झोपडीत) बोलावलं तर नून चाय जरूर घ्या, ती खारट असते हे मुलाला आधी सांगा.

मुलीबायकांचे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. तळावर खड्ड्याचा संडास आणि त्यावर तंबू असतो. वाटेत, विशेषतः नीचनाई पासनंतर, आडोसा फारच कमी. लांब कुर्ता किंवा हलकी शाल उपयोगी पडते. आडोसा नाही म्हणून पाणीच न पिणं हे बायकांच्या डोकेदुखीचं मोठं कारण असतं. पाळी येणारच असेल तर येऊ द्या, ट्रेकमध्ये बिघडत नाही. ती पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र डॉक्टरांशी बोलून, कारण उंचीवर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवणारी औषधं टाळलेली बरी. वापरलेले पॅड परत आणायचे. तळ्यात साबण नाही, अगदी ‘आयुर्वेदिक’सुद्धा नाही.

फोन: दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. शितकडी सोडल्यावर नारानागपर्यंत नेटवर्क नाही असं समजून घरच्यांना तारीख सांगून ठेवा. आधार कार्डाच्या छायाप्रती जवळ हव्यात. गडसरच्या बाजूला लष्कराच्या चौकीवर नोंद होते. चौकीचे फोटो नाहीत, ड्रोन नाही. तळ्यांत ट्राउट आहेत, पण गळ टाकायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

आयोजक निवडताना जेवणाचे फोटो बघू नका. विचारा: लीडरने निम (उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था) किंवा पहलगामच्या जवाहर गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलं आहे का, प्रथमोपचार येतात का, ऑक्सिजनचा सिलिंडर तुकडीबरोबर चालतो की तळावर राहतो, एका लीडरमागे माणसं किती, आणि कुणाला परतावं लागलं तर त्याच्यासोबत कोण उतरतं. शेवटच्या प्रश्नाला अडखळत उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघा.

सातसरनंतर मोठमोठ्या दगडांचा एक पट्टा लागतो, तिथे घाई नको. जाझ पासवरून मात्र हवं तेवढं थांबा. खाली गंगाबल आणि नंदकोल, समोर ५,१४२ मीटरचं हरमुख. १८५६ मध्ये थॉमस माँटगोमेरी या सर्वेक्षकाने याच हरमुखावरून दोनशे किलोमीटरहून लांबची काराकोरमची शिखरं टिपली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. दुसऱ्याचं नाव पुढे तेच राहिलं. काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल हे अस्थिविसर्जनाचं तीर्थ, दीर्घ काळ बंद पडलेली यात्रा २००९ पासून पुन्हा सुरू झाली. तेव्हा काठावर चपला काढून बसलेली मंडळी दिसली तर तिथे स्पीकर लावू नका. नारानागला उतरल्यावर गाडीत लगेच कोसळू नका. आठव्या शतकातल्या ललितादित्याच्या काळाशी जोडलेले मंदिरांचे अवशेष रस्त्याला लागूनच आहेत, अर्धा तास पुरतो.

आणि विमानाची तिकिटं शेवटी काढा. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद ठेवली गेली होती, आणि ही वाट लष्कराच्या चौक्यांवरून जाते. त्या हंगामात ट्रेक सुरू आहे का, परवानगी कुणाच्या नावाने निघते, रद्द झाल्यास पैशाचं काय, हे आयोजकाकडून लेखी घ्या आणि मगच रजेचा अर्ज टाका. अर्जात सोनमर्गचा तो जास्तीचा दिवस धरायला विसरू नका.